कुलूप शाबूत होते

१

सकाळचा उजेड आमच्या दवाखान्यात थेट येत नसे. आधी तो रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या खिडक्यांवर पडे, तिथून परतून आमच्या दुधी काचेवर येई, आणि काच ओलांडताना त्याचे तेज गळून जाऊन नुसता फिकटपणा उरे. प्रथम तो छताच्या कडेला लागे. मग भिंतीवरून इतक्या संथपणे उतरे की पाहणाऱ्याला तो उतरताना कधीच दिसत नसे; मघाशी जिथे सावली होती तिथे आता भिंत आहे, एवढेच कळे. खुर्च्यांच्या पाठी उजळत. त्यांच्या पायांशी साचलेली धूळ दिसू लागे. पाण्याच्या यंत्रावरच्या निळ्या बाटलीत एक ठिपका थरथरे, आणि काउंटरवरच्या कुंडीतले प्लास्टिकचे झाडसुद्धा क्षणभर ओले वाटे. कोणी आलेले नसे. येणाऱ्या माणसांची दुःखे अजून आपापल्या घरी, चादरींत आणि चहाच्या कपांशी रेंगाळत असत. मला ती वेळ आवडे. तेव्हा माझ्याशी कोणी बोलत नसे, आणि मी कोणाशी बोलत नाही हेही कोणाच्या ध्यानात येत नसे.

त्या सकाळी उजेड खुर्च्यांपर्यंत पोहोचला होता तेव्हा डॉक्टरीणबाई आत आल्या आणि कोट न काढताच माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन होता," त्या म्हणाल्या. "तुझ्या दादाला का काढलं, ते त्यांनी शेवटी सांगितलं."

दादा माझा थोरला भाऊ. तो लहान मुलांच्या शाळेत शिकवतो. मुले त्याला 'गोष्टीवाले सर' म्हणतात. सुट्टी लागण्यापूर्वी शाळेने त्याला काढून टाकले; कारण शाळेने आम्हाला सांगितले नाही, त्यानेही नाही. त्यानंतर एका दुपारी "जरा पाय मोकळे करून येतो" असे आईला सांगून तो बाहेर पडला, तो अजून घरी आलेला नाही.

"कोणीतरी शाळेला फोन करून त्याचा आजार सांगितला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाव घेऊन. मी फाइलीत लिहिते त्याच शब्दात. स्किझोफ्रेनिया."

पूर्वी दादाला नसलेले आवाज ऐकू येत. औषधाने ते केव्हाच थांबले होते. ही गोष्ट जगात आम्हा चौघांना ठाऊक होती: आईला, मला, डॉक्टरीणबाईंना आणि काउंटरवरच्या ताईंना. पाचवी जाणकार म्हणजे त्याची फाइल.

ती फाइल कुलपात होती, आणि दवाखान्याचे संगणक सांभाळणारा मीच त्या कुलपाचा राखणदार होतो.

२

वैद्यक मंडळाने चौकशीसाठी एक पोक्त बाई पाठवल्या. अंगात दोन स्वेटर, एकावर एक. गुडघे धरून बसायची आणि गुडघे धरूनच उठायची सवय. ताईंनी पहिल्याच तासात त्यांचे नाव 'चौकशीबाई' असे ठेवले, आणि त्यांनी ते ऐकून मान डोलावली.

"कुलूप म्हणजे काय, ते मला सरळ सांगा. आडवळण नको," त्या मला म्हणाल्या.

मी माझ्या बोटांकडे पाहत सांगितले. आमच्या फाइली आमच्याकडे नसतात. त्या साठवणाऱ्या कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर, क्लाउडवर असतात. इथून निघतानाच त्या सांकेतिक होतात. कंपनीपाशी पोहोचतो तो नुसता अक्षरांचा चुरा. किल्ली इथेच राहते, डॉक्टरीणबाईंकडे आणि माझ्याकडे.

"मग एखादी फाइल हवी झाली, तर त्या चुऱ्यात सापडते कशी?"

"शोधायचा शब्दही इथेच सांकेतिक होतो. कंपनीच्या यंत्राला फक्त एक खूण मिळते. ती खूण ज्या फाइलींना लागू पडते, त्या बंदच्या बंद परत येतात. शब्द कोणता, आत काय, त्यांना काही कळत नाही."

"म्हणजे आंधळा कोठीवाला."

"हो."

"आंधळ्याचे कान तिखट असतात हो," असे म्हणून त्या ताईंकडे वळल्या.

ताई आधीच तापल्या होत्या. "माझ्यावर संशय? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी स्वतः सांगते! नवऱ्याची पगारवाढ मी त्याच्याआधी सासूबाईंच्या कानावर घातली होती. म्हणून तर डॉक्टरीणबाईंनी मला किल्ली दिली नाही. पण पेशंटचं नाव? इतक्या वर्षांत या काउंटरवरून कोणाचं नाव मोठ्याने घेतलेलं नाही. आतलं दार उघडलं की पुढचा माणूस आपला आपण उठतो. आणि ह्याचा दादा तर कधीपासून येतोय! तेव्हा हे पोरगं शाळेच्या दप्तराला लोंबकळत त्याच्यामागून यायचं."

"इथे काय फक्त याच आजाराचे लोक येतात?"

"छे! कोणाला झोप नाही, कोणाचं डोकं दुखतं, कोणाचं माणूस गेलेलं. बाहेर बसलेल्याला बघून काय कळणार? मलाच कधी कधी वाटतं, आत जाऊन बसावं."

त्या दिवशी बुधवार होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत ढगवाले बसले होते. ते साठवणाऱ्या कंपनीचे माणूस. आमच्या फाइली ज्या यंत्रांवर आहेत, ती चालती ठेवण्याचे काम त्यांचे. ताई क्लाउडला ढगच म्हणत, म्हणून ते ढगवाले. कामासाठी ते क्वचितच येत. येत ते दर बुधवारी, आपल्या म्हाताऱ्या आईला तपासणीला घेऊन. आई आत गेली की मांडीवर आपला छोटा संगणक उघडून बसत.

"काय ढगवाले, आज कितपत बरसणार?" ताईंनी विचारले.

"आज ढग कोरडेच आहेत, ताई. बायकोच्या बोलण्यासारखे नाहीत." ते हसले. मग चौकशीबाईंकडे पाहून नम्रपणे म्हणाले, "सरांचं ऐकून फार वाईट वाटलं. आम्ही आपले हमाल, बाई. पेटीत काय आहे ते हमालाला काय ठाऊक?"

डॉक्टरीणबाईंनी आपली कामाची रीत सांगितली. "माणूस समोर येऊन बसल्याखेरीज मी त्याची फाइल मागवत नाही. आधी चेहरा, मग कागद. नाहीतर आपण कागदालाच औषध देतो. आणि तो गेला की त्याच्या आजाराच्या सगळ्या फाइली काढून चाळते. एकाचं बरं होणं दुसऱ्याच्या कामी येतं."

चौकशीबाई गुडघे धरून उठल्या. जाताना माझ्यापाशी थांबून हलक्या आवाजात म्हणाल्या, "किल्ल्या दोन. डॉक्टर स्वतःच्याच पेशंटला बुडवणार नाही. उरलात तुम्ही. उद्या माझ्याबरोबर शाळेत चला. नजरेसमोर असलेले बरे."

३

"तुझ्यावर संशय?" आई म्हणाली. "अरे, तू स्वतःशी बोलायलासुद्धा लाजतोस!"

ती हसली नाही. मीही हसलो नाही. दादाचा शर्ट ती इस्त्री करत होती. तो धुतलेलाच होता, मागच्या आठवड्यात इस्त्री केलेलाही होता.

"एकदा कळू दे," ती म्हणाली. "घरच्यांनी नाही सांगितलं, एवढं त्याच्या कानावर गेलं की येईल तो. त्याचा राग तेवढाच आहे."

दादा रागावला नव्हता. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फक्त विचारले होते, "तू म्हणायचास ना, की ती फाइल कोणी वाचू शकत नाही?" मी हो म्हणालो. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. फाइल कोणी वाचली नसेल, तर आम्हा चौघांपैकी कोणीतरी बोलले. आणि चौघांपैकी सर्वांत कमी बोलणारा मी असल्यामुळे, माझ्या गप्प राहण्याला त्याने कोणता अर्थ दिला असेल, हे मला आजही ठाऊक नाही. त्याच्यापर्यंत एकच वाक्य पोहोचवायचे होते: मी नव्हतो, दादा. ते वाक्य सिद्ध झाले की तो परत येईल, या आशेवर मी जगत होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापिका चौकशीबाईंकडे आणि माझ्याकडे न पाहता टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करत राहिल्या.

"फोनवर एक पुरुष होता. पालक आहे म्हणाला, नाव सांगितलं नाही. धमकी वगैरे काही नव्हती हो. उलट गयावया करत होता. रडवेला झाला होता."

"शब्द आठवतात?" चौकशीबाईंनी विचारले.

"'माझी मुलगी तुमच्या शाळेत आहे. गोष्टीवाल्या सरांना स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या वर्षापासून उपचार चालू आहेत. त्यांना मुलांपासून दूर ठेवा.' मी विचारलं, औषधं घेतात का, आता बरे आहेत का. तर म्हणाला, ते मला माहीत नाही." त्यांनी एक पेन्सिल उचलून पुन्हा ठेवली. "मी सरांना विचारलं, खरं का. ते हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. खरंच ठेवला असता."

बाहेर मुलांची मधली सुट्टी झाली होती. चौकशीबाई फाटकापाशी थांबल्या.

"तुमचा दादा उपचार कधीपासून घेतो?"

"ताई म्हणाल्या तसं. मी शाळेत होतो तेव्हापासून."

"आणि त्याच्या फाइलीत अगदी वर काय लिहिलंय?"

मला ते पाठ होते. "'अनेक वर्षांपासून उपचार. आजार पूर्ण आटोक्यात. मुलांना शिकवण्यास योग्य.'"

"मग ऐका. फोन करणाऱ्याला वाटतं, उपचार गेल्या वर्षी सुरू झाले. तो बरा आहे की नाही, हे त्याला ठाऊक नाही. फाइल वाचणाऱ्याला या दोन्ही गोष्टी पहिल्याच पानावर दिसल्या असत्या. म्हणजे त्याने फाइल वाचलेली नाही. आणि तुम्हाला, तुमच्या आईला, ताईंना, डॉक्टरांना या गोष्टी फाइलीवाचूनही माहीत आहेत. तुम्ही चौघेही सुटलात."

मला हायसे वाटायला हवे होते. "पण मग आजाराचं नाव?"

"तेच तर. ज्याने एक अक्षर वाचलं नाही, त्याला नेमका आजार कळला." त्यांनी स्वेटरची बाही ओढून घेतली. "गेल्या वर्षी दवाखान्यात नवीन काय झालं?"

गेल्या वर्षी आमच्या फाइली कागदावरून ढगात गेल्या होत्या.

४

पुढच्या बुधवारी चौकशीबाई सकाळीच येऊन कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत बसल्या. साठवणाऱ्या कंपनीकडून त्यांनी एक गोष्ट मागवून घेतली होती: कंपनीच्या माणसाला काम करताना जेवढे दिसते, तेवढेच त्यांच्याही पडद्यावर दिसावे. किल्ली त्यांनी मागितली नाही.

"बसा शेजारी," त्या मला म्हणाल्या. "दाराकडे बघा, मग इथे बघा."

एक लठ्ठ गृहस्थ उठून आत गेले. दार लागले. जरा वेळाने पडद्यावर एक खूण उमटली, अर्थ नसलेल्या अक्षरांची एक ओळ, आणि तिच्यापुढे एकच बंद फाइल बाहेर गेल्याची नोंद. गृहस्थ बाहेर आले, टोपी घालून निघून गेले. लगेच दुसरी खूण आली, आणि फाइलींचा एक घोळकाच बाहेर पडला.

"पहिली खूण म्हणजे त्यांचं नाव. दुसरी म्हणजे त्यांचा आजार," चौकशीबाई पुटपुटल्या. "दोन्ही शब्द मला माहीत नाहीत. पण ती एकटी गेलेली फाइल त्यांची, एवढं आता मला माहीत आहे. ते पुन्हा येतील तेव्हा हीच खूण येईल ना?"

"हो. एका शब्दाची खूण दरवेळी तीच. नाहीतर सापडणार कसं?"

हे मी कितीदा तरी अभिमानाने सांगितले होते. खरे तर खूण दरवेळी बदलता येते. खऱ्या शोधांत खोटे शोध मिसळता येतात. हव्या त्याहून जास्त फाइली मागवून कोठीवाल्याला गोंधळात टाकता येते. असे उपाय आहेत हे मी वाचले होते. ते संथ आणि महाग होते, आणि लहान दवाखान्यांना ते कोणी देत नसे.

"डॉक्टरांनी दुधी काच लावली," चौकशीबाई म्हणाल्या, "नावं घेणं बंद केलं. सगळं सोवळं पाळलं. पण माणूस खुर्चीत बसतो त्याच क्षणी त्या फाइल मागवतात. आधी चेहरा, मग कागद. इतकी सुंदर रीत! सकाळीच सगळ्या फाइली एकदम मागवल्या असत्या, तर या खुर्चीत बसून काही कळलं नसतं."

मग त्यातली फट दिसली आणि मी तिला घट्ट धरले. "पण आजाराचं नाव कसं कळणार? घोळक्यात दादाची फाइल आहे हे दिसलं, तरी घोळका कसला, हे खूण सांगत नाही."

"बरोबर. एक गोष्ट बाहेरून आणावी लागते. त्या घोळक्यातल्या एका तरी माणसाचा आजार ज्याला मुळातच ठाऊक आहे, त्याला बाकी सगळ्यांचा आपोआप कळतो." त्यांनी दाराकडे पाहिले. "आपल्या घरच्याच माणसाचा, समजा."

बाहेरचे दार उघडले. ढगवाले आत येत होते. डाव्या हाताने त्यांनी आपल्या आईचा दंड जपून धरला होता, आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत चौकशीबाईंना पाहून ते जागच्या जागी थांबले.

५

मागच्या खोलीत आम्ही चौघे बसलो. म्हातारी खिडकीपाशी होती. तिचे हात मांडीवर स्वस्थ होते.

"मी काही उघडलं नाही," ढगवाले म्हणाले. विनोद त्यांच्या चेहऱ्यावरून पुसला गेला होता. "एकही फाइल नाही. तपासून बघा."

"तपासलं," चौकशीबाई म्हणाल्या. "कुलूप शाबूत आहे. तुम्ही सांगा."

"सुरुवातीला नुसता चाळा होता. आई आत, मी बाहेर. यंत्रं नीट चालतात का ते बघताना दिसायचं, की दार लागलं की एक खूण, माणूस निघाला की दुसरी. कोडं सोडवल्यासारखं. आईची फाइल ओळखीची झाली. आई निघाली की जो घोळका जायचा, तोही पाठ झाला." त्यांनी घसा साफ केला. "मग एकदा माझ्या मुलीचे सर आत गेले. मला खरं तर बरं वाटलं होतं. म्हटलं, माणूस आहे, झोप येत नसेल. आणि ते बाहेर पडल्यावर आईचाच घोळका आला."

"लहानपणी आईने मला गच्चीच्या कठड्यावर उभं केलं होतं. तिला कोणीतरी सांगत होतं, की मला उडता येतं. शेजारच्या काकांनी पाय धरला म्हणून मी आहे. घरी मुलगी गोष्टीवाल्या सरांच्या गोष्टी सांगायला लागली की मला तो कठडा दिसायचा. बायकोलाही सांगता येईना. काय सांगू, कुठून कळलं म्हणून?"

"तेव्हा तुमच्या आईला औषध नव्हतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "दादाला होतं. कितीतरी वर्षं. त्याने कधी कोणाला ओरडूनसुद्धा—"

"मला ते दिसत नव्हतं हो," ढगवाले म्हणाले. "मला फक्त खुणा दिसत होत्या."

म्हातारी खिडकीतून वळली. माझ्याकडे बारकाईने पाहत तिने मुलाला विचारले, "हा कोणाचा रे? चेहरा उतरलाय त्याचा. जेवला नाही वाटतं."

ढगवाल्यांनी दोन्ही हातांत तोंड लपवले. मला त्या माणसाचा द्वेष करायचा होता. त्याच्यासाठी मी किती दिवस जागा राखून ठेवली होती. आणि आता त्या जागेवर, कठड्यावर उभे असलेले एक लहान मूल होते.

६

चौकशीबाईंचा अहवाल छोटा झाला. फाइल वाचली गेली नाही, किल्ली चोरीला गेली नाही, कोणतेही कुलूप मोडलेले नाही. "गुन्हा कोणता लिहू?" त्यांनी मलाच विचारले. ढगवाल्यांनी नोकरी सोडली. आईला घेऊन ते आता येत नाहीत, आणि ती औषध घेते की नाही, ते कोणाला माहीत नाही. शाळेने दादाच्या जागी दुसरे शिक्षक नेमले होते. डॉक्टरीणबाईंनी आजारांच्या फाइली काढून चाळणे बंद केले. "आठवेल तेवढं आठवेल," त्या म्हणाल्या. त्यांचे वय झाले होते आणि त्यांना पूर्वीसारखे आठवत नव्हते.

शेवटच्या दुपारी चौकशीबाई निरोप घ्यायला आल्या. मी त्यांना म्हणालो, "तुमचे उपकार आहेत, बाई. आता दादाला सांगता येईल, की घरच्यांपैकी कोणी नव्हतं."

त्या माझ्या शेजारी बसल्या. गुडघे धरले नाहीत.

"कुठे सांगणार?"

"आला की."

"मी पोलिसांकडे गेले होते. तुझ्या दादाचा शोध कुठवर आला, ते विचारायला." त्या माझ्याशी प्रथमच एकेरीत बोलत होत्या. "त्यांनी तुला बोलावलं होतं म्हणे. बंधाऱ्यापाशी कोणी सापडलं, तेव्हा."

"तो दादा नव्हता. मी तसं लिहून दिलं. चेहरा ओळखण्यासारखा उरलाच नव्हता."

"चेहऱ्याचं नाही विचारत, बाळा."

रस्त्यावर कोणीतरी एक जड शटर खाली ओढले. ताई काउंटरपाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"ते अजून शवागारातच आहेत," चौकशीबाई म्हणाल्या. "बेवारस म्हणून. घरचं कोणी म्हणालं तरच त्यांना नाव मिळेल. घरी तुझी आई रोज वाट बघते, आणि ती कशाची वाट बघते आहे हे फक्त तुला माहीत आहे. तुला तिथे काय दिसलं?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. दादापुढे राहिलो होतो तसाच.

चादर आखूड होती आणि एक पाय बाहेर राहिला होता. त्याची अंगठ्याशेजारची दोन बोटे नखांपर्यंत एकमेकांना जुळलेली होती. आमच्या घरात तशी बोटे दोघांचीच, माझी आणि दादाची. तो दादाच होता.